रजेची दोन वर्षं

माझा भाऊ अत्यंत प्रामाणिक माणूस आहे. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं ऐकल्यावर लोक नेमकी उलटी शंका घेतात आणि मग त्याची बाजू घेत बसायची पाळी माझ्यावर येते. लहानपणी पत्ते खेळताना चुकून माझं पान दिसलं तर दादा डाव मोडून पुन्हा पिसायचा. त्याच्याकडे चांगली पानं असली तरी. माझ्याकडे असली तरीसुद्धा. अशा माणसाबरोबर एका घरात वाढणं सोपं नसतं, आणि त्याच्या हाताखाली नोकरी करणं तर विचारूच नका.

आमच्या कॉलेजचं पूर्ण नाव ‘माहिती आणि विदाविज्ञान महाविद्यालय’; विदा म्हणजे डेटा. पाटी इतकी लांब झाली की दारावर मावेना, म्हणून शेजारच्या भिंतीवर लावली. नवीन माणूस आधी भिंतीसमोर उभा राहतो आणि मग दार शोधतो. जुना ग्रंथालयशास्त्र विभाग आणि आमचा संख्याशास्त्र विभाग यांचं विद्यापीठाने लग्न लावून दिलं. संगणकवाले वऱ्हाडी म्हणून आले ते परत गेलेच नाहीत. आता घर त्यांचंच आहे.

मी संख्याशास्त्र शिकवते. मुलं मला ‘शून्यबाई’ म्हणतात, कारण दर वर्षी पहिल्या तासाला मी फळ्यावर दोन चौकोन काढते. एकात शून्य लिहिते, दुसरा तसाच ठेवते. मग विचारते, या दोन्हींत फरक काय? कोणीतरी हमखास म्हणतं, ‘काहीच नाही.’ मग मी तासभर त्याची हजेरी घेते. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. रिकामं म्हणजे मोजलंच नाही. पाऊस पडला नाही ही एक गोष्ट, आणि पाऊस मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं ही दुसरी. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका, असं मी मुलांना सांगते. मुलं नेमकं तेवढंच विसरतात.

दादा आमचा डीन होऊन आला तेव्हा मी तिथे चांगली मुरलेली होते. तरीही ‘आता काय, घरचंच कार्य’ असं लोक म्हणालेच. दादाने ते ऐकलं आणि मनावर घेतलं. त्या दिवसापासून तो कॉलेजात मला ‘मॅडम’ म्हणायला लागला आणि मी त्याला ‘सर’. माझी एक साधी प्रवासाची मंजुरी त्याच्या टेबलावर सगळ्यांत खाली जायची. प्रयोगशाळेला नवे संगणक आले ते सगळ्यांना वाटून झाल्यावर उरलेला जुना माझ्या खोलीत आला. आईला मी हे तिखटमीठ लावून सांगायचे. आई हसायची. अर्ध्या तोंडाने, कारण दुसरी बाजू तिची हलत नाही.

आईला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा दादा दुसऱ्या विद्यापीठात होता आणि त्याचं नाव नुकतंच होऊ लागलं होतं. रजा मी घेतली. दोन वर्षं, बिनपगारी. त्या दोन वर्षांत मी आईला पुन्हा बसायला शिकवलं, चमचा धरायला शिकवलं, ‘पाणी’ म्हणायला शिकवलं. दादा रोज न चुकता फोन करायचा. ‘तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे,’ म्हणायचा. मला तेव्हा ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आणि मग विद्यापीठाचा आदेश आला. प्रत्येक कॉलेजने एक शिक्षकपद कमी करायचं. कोणाचं, ते डीनने ठरवायचं. ज्याचं पद जाईल त्याचा करार वर्षअखेरीला संपणार, आणि आमच्या वयात दुसरीकडे कोण उभं करतं? दुसऱ्या कॉलेजांत लगेच धावपळ सुरू झाली, कोणी कुलगुरूंच्या घरी गेलं, कोणी रडलं. आमच्याकडे मात्र दादाने बैठक बोलावली आणि म्हणाला,

“आपण विदा शिकवणारी माणसं आहोत. आपल्याकडे हे वशिल्याने ठरणार नाही. आधी नियम ठरवू, मग नावं उघडू.”

हा आमच्या धंद्यातला जुना रिवाज आहे. आकडे बघून नियम केला की माणूस नकळत आपल्याला हवा तो निकाल काढतो. म्हणून आधी नियम लिहायचा, त्यावर सगळ्यांनी सह्या करायच्या, आणि मगच आकड्यांना हात लावायचा. शिक्षकांच्या नावांऐवजी क्रमांक द्यायचे, क्रमांक कोणाचा ते फक्त कार्यालय अधीक्षकांकडे राहील. निकाल काहीही आला तरी तो सर्वांवर बंधनकारक. नात्याचा प्रश्न येऊ नये म्हणून दादाने आधी कुलगुरूंना स्वतःहून सांगितलं होतं की मला यातून वगळा. ते म्हणाले, “अहो, नावंच नाहीत तर नातं कुठून येणार?”

सूत्र कोण लिहिणार यावर सगळ्यांनी माझं नाव घेतलं. मला बरं वाटलं. गेल्या पाच वर्षांत कोणी किती शिकवलं, किती संशोधन केलं, किती विद्यार्थ्यांना मार्गी लावलं, असं सगळं धरून मी सूत्र मांडलं. चांगलं होतं. अजूनही चांगलंच आहे.

अडलं ते एका ठिकाणी. पाच वर्षांचं काम घेऊन पाचाने भागायचं, हे ठीक. पण त्यातली काही वर्षं एखादा माणूस रजेवर असेल तर? पाचाने भागायचं की तो जितकी वर्षं कामावर होता तितक्याने?

हा प्रश्न ग्रंथपालबाईंनी काढला. जुन्या ग्रंथालयशास्त्राच्या त्या शेवटच्या शिलेदार, निवृत्तीला टेकलेल्या, कोणाच्या बापाला न भिणाऱ्या. त्यांच्या विभागातली एक तरुण शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच आली होती. त्यांनी तिचं नाव घेतलं नाही, पण बोट तिच्याकडेच होतं. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. बघायचं नाही असं ठरवून बघत नव्हते ते मला दिसत होतं.

“तांत्रिक बाब म्हणून सांगते,” मी म्हणाले, “रजेचं वर्ष हे न मोजलेलं वर्ष आहे. त्याला शून्य धरणं चूक आहे. हे आपण पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो.”

“मॅडम, शिकवणं वेगळं,” आमचे डेटा विभागाचे प्रमुख म्हणाले. हे गृहस्थ बोलता बोलता सगळं क्लाउडवर टाकायचे म्हणून मुलं त्यांना ‘ढग’ म्हणत, आणि माघारी आम्हीही. “एकदा अपवाद केला की सगळे येतील. मी आजारी होतो, माझं घर बदललं, माझा कुत्रा मेला. सूत्र सोपं ठेवा ना. पाच म्हणजे पाच.”

वाईट हेतूने बोलत नव्हते. त्यांना खरंच सोपं आवडतं.

मतदान झालं. मी हात वर केला नाही. ना इकडे, ना तिकडे. माझा त्यात संबंध होता, आणि संबंध असलेल्या माणसाने मत द्यायचं नाही हे आम्ही दोघं भावंडं एकाच घरात शिकलोय. मतं समसमान पडली. निर्णायक मत डीनचं.

दादा समोरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होता. तिचं झाकण त्याने उघडलं, पुन्हा लावलं.

“पाच म्हणजे पाच,” तो म्हणाला.

मग कागद फिरला आणि सगळ्यांनी सह्या केल्या. माझी सही सुबक आली. माझी बाकीची तीन वर्षं भरगच्च होती, त्यामुळे निभावून जाईल अशी मला आशा होती. आशेपुढे माझं गणित नेहमीच कच्चं.

रविवारी दादा आईला भेटायला येतो. आई सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसते आणि मला तीन तीनदा केस विंचरायला लावते. “माझा डीन येणार,” म्हणते. मी तिची वेणी घालता घालता म्हणते, “आणि ही वेणी घालणारी कोण?” “तू काय, तू आहेसच,” आई म्हणते. तिचं बरोबर आहे. मी आहेच.

त्या रविवारी दादा आईजवळ बसला, तिचा हात हातात घेऊन बसला, ती काय बोलते ते अर्धं कळलं नाही तरी हो हो म्हणाला. मग चहाचे कप ठेवायला स्वयंपाकघरात आला. मी नळ बंद केला.

“दादा, रजेवर कोण होतं ते तुला माहीत होतं.”

“म्हणूनच,” तो म्हणाला.

“म्हणूनच म्हणजे?”

“अगं, तुझ्या फायद्याचं मत मी दिलं असतं तर काय झालं असतं? उद्या दुसऱ्या कोणाचं पद गेलं असतं आणि सगळे म्हणाले असते, डीनने बहिणीला वाचवलं. मग त्या खुर्चीत बसून मी कोणाला काय सांगणार होतो?”

“आणि बहीण गेली तर बसता येईल?”

“असं टोकाचं बोलू नकोस. जाणार नाहीस तू.” कप त्याने धुवून पालथा ठेवला. तो कप नेहमी धुवून ठेवतो. “खरं सांगू? तूच हात वर करायला हवा होतास. तू मत दिलं असतंस तर माझ्यावर वेळच आली नसती.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलू काय? बहिणीच्या बाबतीत तो नियमाने वागला, आणि स्वतःच्या बाबतीत मी. दोघांनी मिळून काय करून ठेवलं ते पलीकडच्या खोलीत आई ऐकत असती तरी तिला कळलं नसतं. मी पुन्हा नळ सोडला.

निकालाच्या दिवशी बैठकीच्या खोलीत पडदा लावला होता. क्रमांक वरून खाली ओळीने आले. सगळे तळाकडे बघत होते. वर कोण आहे याच्याशी कोणालाच देणंघेणं नव्हतं. दादा म्हणाला, “शेवटचा क्रमांक उघडा.”

अधीक्षकांनी पाकीट उघडलं, वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं. मग नाव न घेता माझ्याकडे बघितलं. बिचाऱ्यांनी माझा पहिल्या दिवसाचा हजर अहवाल टाइप केला होता.

मला लाज वाटली. राग नंतर आला, आधी लाजच वाटली, सगळ्यांसमोर नापास झाल्याची. ज्या सूत्राने नापास झाले ते माझंच होतं आणि बरोबर होतं.

“छे, हे काही खरं नाही,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “रजा वगळून परत काढा. बघू तरी.”

“बघून काय करणार?” कोणीतरी म्हणालं.

पण ढगांनी लॅपटॉप पुढे ओढला होता. माणूस वाईट नाही हे मी आधीच म्हटलंय. त्यांनी भराभर काहीतरी केलं आणि मान वर करून म्हणाले, “मॅडम वरच्या चौघांत येतात.” खोलीत जरा हालचाल झाली, कोणी ‘बघा!’ म्हणालं. मग ढगांनी पुन्हा लॅपटॉपच्या पडद्याकडे बघितलं, खाली, तळाशी. तिथेही क्रमांकच होते, पण आपण किती तास घेतले आणि किती लेख छापले हे ज्याचं त्याला पाठ असतं. बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी लॅपटॉप हळूच मिटला.

मी वर आल्यावर तळाला कोण गेलं, ते त्यांनी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. त्यांची धाकटी मुलगी अजून शाळेत आहे.

“नियम आधी ठरला होता,” दादा म्हणाला. “निकाल बघून नियम बदलायला लागलो तर आपण मुलांना काय शिकवतो? मॅडम, तुमचं काय म्हणणं?”

हे त्याने विचारायला नको होतं. पण त्याला विचारावंच लागलं, कारण सूत्र माझं होतं, आणि प्रामाणिक माणूस सगळ्यांना विचारतो. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. ढग मात्र टेबलाकडे. मी एक शब्द बोलले असते तर ग्रंथपालबाईंनी रान उठवलं असतं, अर्धी खोली माझ्या बाजूने उभी राहिली असती. आणि मग लॅपटॉप पुन्हा उघडावा लागला असता.

“सर बरोबर आहेत,” मी म्हणाले.

दादाने सुटकेचा श्वास टाकला. इतक्या जवळून मी त्याला कधीच ओळखलं नव्हतं. त्या क्षणी मला त्याचा तिरस्कार वाटला, आणि तो वाटला म्हणून मला काही वाईट वाटलं नाही.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. इतकं सुरळीत, की कुलगुरूंनी आमच्या कॉलेजचं उदाहरण साऱ्या विद्यापीठाला घालून दिलं. डीनने सख्ख्या बहिणीलाही सूट दिली नाही, असं सांगत लोक दादाशी हस्तांदोलन करायला यायचे. इतर डीनमंडळींसमोर त्याने या पद्धतीवर व्याख्यान द्यावं असं ठरलं. बाळंतपणाहून आलेली ती मुलगी थोडक्यात वाचली होती. ती मला जिन्यात भेटली की भिंतीला चिकटून जागा द्यायची. ढग एकदा माझ्या खोलीत आले, दारातच उभे राहिले, “काही लागलं तर सांगा,” म्हणाले आणि गेले. मला काय लागणार होतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी दुसऱ्या तीन ठिकाणी अर्ज केले. एकाचं उत्तर आलं, अगदी नम्र: गेल्या पाच वर्षांतलं काम अपुरं वाटतं.

शेवटच्या तासाला ते दोन चौकोन पुन्हा एकदा काढावेत असं वाटलं, पण काढले नाहीत. मुलांना वेगळंच काहीतरी शिकवलं, काय ते आठवत नाही.

रविवारी दादा आला. आईला सांगायचं राहिलं होतं. मी टाळत होते. त्याने सरळ सांगून टाकलं.

“आई, ही आता घरीच असणार. कॉलेज सुटलं तिचं.”

आईने माझ्याकडे बघितलं. समजायला तिला वेळ लागतो. मग तिचा चालणारा अर्धा चेहरा उजळला. “बरं झालं,” ती म्हणाली. “ती बाई नको मला. हात गार असतात तिचे.” दिवसा सांभाळायला ठेवलेल्या बाईबद्दल बोलत होती. “आता तूच.”

“हो आई,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दादाने डोळे पुसले. खरंच पुसले. मग आम्ही बाहेरच्या खोलीत येऊन बसलो आणि तो हळू आवाजात म्हणाला, “जे झालं ते वाईटच झालं गं. पण एक सांगतो, निदान आईची काळजी आता मला नाही. तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे.”

त्याला आठवत नव्हतं की हे वाक्य त्याने आधीही म्हटलंय. मला आठवत होतं.

मग त्याने पिशवीतून लॅपटॉप काढला. “तुला वेळ असेल तर,” तो जरा अवघडून म्हणाला, “व्याख्यानाचं जरा बघतेस? सूत्र तुझं आहे, माझ्याकडून चुकायला नको.”

मी बघितलं. काम नीटनेटकं केलं होतं त्याने. शेवटच्या स्लाइडवर नमुन्यादाखल एकच ओळ घेतली होती, नाव नव्हतं, नुसता क्रमांक. पाच वर्षांचे पाच चौकोन. तीन भरलेले. उरलेल्या दोन्हींत शून्य, शून्य.

“इथे शून्य नको लिहूस,” मी म्हणाले. “नियमाने भाग पाचानेच जाऊ दे, त्याला माझी ना नाही. पण चौकोन रिकामे ठेव. एवढं तरी.”

दादाने कर्सर तिथे नेला, पहिलं शून्य निवडलं. मग सोडून दिलं.

“रिकामे ठेवले तर लोक विचारतील,” तो म्हणाला, “की त्या दोन वर्षांत काय होतं.”

आतून आईने हाक मारली. आम्ही दोघांनी ऐकली. दादाने लॅपटॉप मांडीवर सरळ करून घेतला, आणि मी उठले.